पिएर क्रिस्तँ: व्हॅलेरियनचा लेखक आणि त्याच्या बाकीच्या चित्रकादंबऱ्या

पानगळ

युरोपियन कॉमिक्सचा विषय निघाला की आपली चर्चा चित्रकारांपाशीच थांबते. मेबियसची वाळवंटं, एन्की बिलालचे राखाडी चेहरे, तार्दीचं पावसाळी पॅरिस. ज्याने ती गोष्ट लिहिली त्याचं नाव क्वचितच कुणी घेतं. अॅस्टरिक्सचा लेखक गॉसिनी हा एक मोठा अपवाद. दुसरा असायला हवा तो पिएर क्रिस्तँ. ऑक्टोबर २०२४ मध्ये वयाच्या ८६व्या वर्षी तो गेला, तेव्हा बहुतेक बातम्यांत एवढंच होतं की ल्युक बेसाँच्या 'व्हॅलेरियन अँड द सिटी ऑफ अ थाउजंड प्लॅनेट्स' या चित्रपटाला आधार असलेल्या मालिकेचा हा लेखक. एवढ्यावर त्याची बोळवण व्हावी हे मला पटत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी ओळख. जन्म १९३८, पॅरिसला लागून असलेल्या सँ-मांदेत. युद्धाच्या काळात बॉम्बहल्ल्यापासून लपायला लोक ज्या तळघरांत जात, तिथे त्याची ओळख झाली पुढे व्हॅलेरियनची चित्रं काढणाऱ्या जाँ-क्लोद मेझिएरशी. पुढे क्रिस्तँ अमेरिकेत युटाला फ्रेंच साहित्य शिकवायला गेला. मेझिएर काउबॉय व्हायचं म्हणून त्याच देशात भटकत होता आणि खिसा रिकामा झाल्यावर मित्राच्या दाराशी येऊन थडकला. त्या दोघांनी तिथून 'पिलोत' या साप्ताहिकाला पाने पाठवली. 'पिलोत' म्हणजे गॉसिनीचं घर, अॅस्टरिक्स जिथे सुरू झाला ते. नोव्हेंबर १९६७ मध्ये त्याच साप्ताहिकात व्हॅलेरियन अवतरला. तेव्हा क्रिस्तँ 'लिनस' या टोपणनावाने लिहीत होता. मालिका २०१० पर्यंत चालली. बहुतेक सगळे अंक मेझिएरची बहीण एव्हलिन त्रान्लेने रंगवले.

आता माझं मत. क्रिस्तँने विज्ञानकथेत एक फार धाडसी गोष्ट केली: नायकाला सरकारी नोकर ठेवलं. व्हॅलेरियन हा २८व्या शतकातल्या पृथ्वीच्या साम्राज्याचा, अवकाशात आणि काळातही फिरणारा कर्मचारी आहे. वरून हुकूम येतो, तो निघतो. बंडखोर नाही, निवडलेला महापुरुष नाही, सूडाने पेटलेला अनाथ नाही. भला माणूस आहे, शूर आहे, आणि आपल्या सरकारवर त्याचा विश्वास आहे. त्याच्या शेजारी आहे लॉरलिन, अकराव्या शतकातल्या फ्रान्सच्या जंगलात सापडलेली मुलगी. तिचा कुठल्याच सरकारवर विश्वास नाही. या दोघांच्या मधल्या जागेत क्रिस्तँ आपली गोष्ट मांडतो. गंमत म्हणजे लॉरलिन पहिल्या कथेपुरतीच असणार होती. वाचकांना ती इतकी आवडली की ती राहिली. आज फ्रान्समध्ये या नावाच्या बायका आहेत, ते नाव या पानांतून लोकांत गेलेलं आहे. आणि २००७ मध्ये मालिकेच्या नावातच तिचं नाव आलं.

'वेलकम टू आल्फ्लोलोल' (१९७२) घ्या. माझ्या मते हे त्याचं सर्वांत चांगलं पुस्तक. आल्फ्लोलोलचे रहिवासी फार दीर्घायुषी. ते सहज फिरायला म्हणून अवकाशात गेले आणि परत यायला त्यांना चार हजार वर्षं लागली. त्यांच्या हिशेबाने ती एक सहल. दरम्यान पृथ्वीच्या लोकांनी त्या ग्रहाला 'टेक्नोरॉग' असं नाव देऊन तिथे कारखाने, खाणी, शेतीचे पट्टे उभे केले आहेत. मूळ मालक दारात उभे. आता काय करायचं? गव्हर्नर काही राक्षस नाही. नियमाप्रमाणे चालणारा, उत्पादनाचे आकडे सांभाळणारा अधिकारी आहे. तो त्यांना एक राखीव प्रदेश देतो. तो निघतो राहायला अशक्य. मग काम करा तर खायला मिळेल असं ठरतं. एकामागून एक अगदी वाजवी वाटणारे निर्णय होत जातात आणि त्यांच्या बेरजेतून एक संपूर्ण लोकसमूह आपल्याच घरात उपरा होतो. व्हॅलेरियन मध्यस्थी करत राहतो, नियम समजावत राहतो. लॉरलिन त्यांच्या बाजूला जाऊन बसते. बस, एवढंच. ती भाषण देत नाही, फक्त कुठे बसायचं ते ठरवते. १९७२ साली मुलांच्या साप्ताहिकात हे छापून येत होतं!

व्हॅलेरियनच्या बाहेर येऊन क्रिस्तँने बिलालबरोबर जे केलं ते वेगळ्याच वजनाचं आहे. 'द ब्लॅक ऑर्डर ब्रिगेड' (१९७९) आणि 'द हंटिंग पार्टी' (१९८३). दुसऱ्यावर कुणी तरी सविस्तर लिहावं असं फार वाटतं. चित्रकार आनी गोएट्झिंगरबरोबरची पुस्तकं, म्हातारपणीची 'रॉबर्ट मोझेस' आणि 'ऑर्वेल' ही चरित्रंही आहेत. तुम्ही काय वाचलंय, काय आवडलं, काय नाही, मोकळेपणाने लिहा. नाही आवडलं तर तेही कारणासकट लिहा.

रेघोट्या

छान धागा. मी आधी चित्रपट पाहिला आणि मग पुस्तकं वाचली, त्यामुळे माझा अनुभव थोडा उलटा आहे. चित्रपट ज्यावर आधारलेला आहे ते 'अॅम्बॅसडर ऑफ द शॅडोज' (१९७५) वाचताना मी थक्क झाले, कारण ते पुस्तक जवळजवळ पूर्णपणे लॉरलिनचं आहे. सुरुवातीच्या काही पानांतच पृथ्वीचा राजदूत पळवला जातो, त्याच्याबरोबर व्हॅलेरियनही. नायक गायब! त्यानंतर पॉइंट सेंट्रल या अवाढव्य स्थानकात लॉरलिन एकटी त्यांना शोधत फिरते. प्रत्येक जमातीने आपापला कप्पा जोडत जोडत वाढवलेलं ते स्थानक आहे, त्यामुळे पानागणिक हवा बदलते, उजेड बदलतो, रीतभात बदलते.

आणि ती हे कशाच्या जोरावर करते? पैशाच्या. तिच्याजवळ एक छोटा चिडका प्राणी आहे, ब्लुक्स्टचा ट्रान्सम्यूटर. त्याला एक मोती गिळायला दिला की तो तसेच ढीगभर मोती बाहेर टाकतो, आणि मग दमून कुरकुरत बसतो. शिंगूझ नावाचे तीन सोंडवाले दलाल तिला माहिती विकतात. एका माहितीचा एक भाव, त्यापुढच्या माहितीचा वेगळा भाव. ती त्यांच्याशी घासाघीस करते, प्राण्याला गोंजारते, पुन्हा त्याला कामाला लावते, आणि त्याचे हाल होताहेत हे तिला दिसतही असतं. आकाशगंगेचं राजकारण क्रिस्तँने या दमलेल्या जनावराच्या पोटातून दाखवलंय. चित्रपटात तो प्राणी आहे, शिंगूझही आहेत, पण शोधाशोध व्हॅलेरियनकडे गेली आणि लॉरलिनशी लग्न करायची त्याची धडपड मध्ये आली. शीर्षकातूनही ती गेली. मला याचा राग येतो, अजूनही.

राजदूताच्या बॅगेत काय आहे तेही महत्त्वाचं. पॉइंट सेंट्रलवरच्या सगळ्या जमातींच्या परिषदेचं अध्यक्षपद पृथ्वी घ्यायला निघालीये आणि सगळ्यांना शिस्त लावायचा बेत आहे, अर्थात आपल्या आरमाराच्या जोरावर. म्हणजे आपल्या नायकांचं सरकारच या गोष्टीतला धोका आहे.

तिसरा_डबा

मूळ लेख आवडला, पण थोडं विरोधी बोलतो.

क्रिस्तँ शब्द फार वापरतो. पान उघडलं की वर चौकट, खाली चौकट, फुग्यांत परिच्छेद. मेझिएरने काढलेलं इतकं सुंदर शहर आणि त्यावर मजकुराचं ओझं. सत्तरच्या दशकातल्या फ्रेंच कॉमिक्सची ती पद्धत होती हे मान्य, पण त्याच काळात मेबियस एक शब्दही न वापरता 'आर्झाक' करत होता. क्रिस्तँ हा मुळात प्राध्यापक आणि पत्रकार, आणि ते पानावर दिसतं.

दुसरं, शेवटचे अंक. 'अॅट द एज ऑफ द ग्रेट व्हॉइड'पासून 'द टाइम ओपनर'पर्यंत (२००४ ते २०१०) मालिकेतली सगळी जुनी पात्रं एका मोठ्या संकटासाठी गोळा केली आहेत. निरोपसमारंभ म्हणून ठीक आहे, पण गोष्ट म्हणून गर्दी आहे. ज्या लेखकाने फारसे खलनायक न वापरता पंचवीस-तीस वर्षं काढली, त्याने शेवटी एक दुष्ट शक्ती आणली. मला ते पटलं नाही.

जुनी_गल्ली

तिसरा_डबा, शेवटच्या अंकांबद्दल सहमत. मजकुराबद्दल अर्धा सहमत.

पण '१९८६'च्या भानगडीबद्दल कुणीच बोललं नाही, ते सांगतो. 'द सिटी ऑफ शिफ्टिंग वॉटर्स' ही सुरुवातीची कथा, १९७० मध्ये पुस्तकरूपात आली. त्यात १९८६ साली उत्तर ध्रुवावर हायड्रोजन बॉम्बचा स्फोट होतो, बर्फ वितळतो, समुद्र चढतो, आणि न्यूयॉर्क पाण्याखाली जातं. गगनचुंबी इमारतींमध्ये वेली, खिडक्यांतून पाणी, रस्त्यांवर होड्या, लुटारूंच्या टोळ्या. मेझिएरने न्यूयॉर्क असं बुडवलंय की नंतरच्या कुठल्याही चित्रपटातलं बुडालेलं शहर पाहताना मला ते आठवतं.

पण मालिका इतकी चालली की खरं १९८६ जवळ आलं. साधारण लेखकाने कानाडोळा केला असता. क्रिस्तँने 'घोस्ट्स ऑफ इन्व्हरलॉक' आणि 'द रॅथ ऑफ हिप्सिस' (१९८४-८५) ही जोडकथा लिहून तो प्रश्न अंगावर घेतला. ते संकट टळलं, म्हणजे जग वाचलं. पण ते संकट झालं म्हणूनच पुढे २८व्या शतकातली पृथ्वी घडली होती. ते टळलं तर नायकांचं स्वतःचं जगच नाहीसं. पृथ्वी वाचवली आणि घर गेलं. त्यानंतरच्या अंकांत व्हॅलेरियन आणि लॉरलिन बेवारस आहेत, मिळेल ते काम करतात, भाड्याचे हेर होतात. पानगळ यांनी जो सरकारी नोकर म्हटला, त्याचं सरकारच लेखकाने काढून घेतलं! चालू मालिकेत असं करायला छाती लागते. म्हणून माझ्या दृष्टीने १९८५ नंतरचे अंक उतरते नाहीत, किमान 'ऑन द फ्रंटियर्स'पर्यंत तरी नाहीत.

शाईवेल

'द हंटिंग पार्टी'वर मी लिहिते. माझ्याकडे इंग्रजी आवृत्ती आहे आणि ती मी कुणाला वाचायला देत नाही.

हिवाळा. पोलंडमधून बर्फातून जाणारी आगगाडी. पूर्व युरोपच्या वेगवेगळ्या देशांतले म्हातारे पुढारी, कम्युनिस्ट सत्तेच्या वरच्या फळीतले, एका शिकारखान्याकडे निघालेत. मध्यभागी आहे वासिली चेवचेन्को. क्रांतीच्या वेळचा माणूस, पुढे सत्तेच्या अगदी आतल्या वर्तुळातला. आता त्याला अर्धांगवायू झालाय आणि तो बोलत नाही. सगळ्या पुस्तकभर सगळे त्याच्याबद्दल बोलतात, त्याच्याशी बोलतात, आणि तो गप्प. दुभाषा म्हणून एक तरुण फ्रेंच विद्यार्थी बरोबर घेतलाय. तो आदर्शवादी आहे, त्याला या सगळ्याचं अप्रूप आहे. आपल्यालाही सुरुवातीला त्याच्याच नजरेतून दिसतं.

मग एकेक म्हातारा बोलायला लागतो. हंगेरीच्या माणसाकडे सोव्हिएत रणगाडे शिरलेलं १९५६चं बुडापेस्ट आहे. झेक माणसाकडे तसंच १९६८चं प्राग. कुणी कुणाला वाचवलं नाही, कुणी कुणाविरुद्ध साक्ष दिली, कुणाच्या सहीने कोण गेलं. चेवचेन्कोच्या तरुणपणी एक प्रेयसी होती, ती पक्षाच्या शुद्धीकरणात गेली. ही माणसं दुष्ट नाहीत, हे क्रिस्तँने पुन्हापुन्हा दाखवलंय. काही कनवाळू आहेत, काही थकलेले, काहींना अजून गाणी पाठ आहेत. सत्तेत राहण्यासाठी रोज थोडं थोडं मरू दिलेलं माणूसपण त्यांच्या गप्पांतून दिसत जातं. बिलालने सगळं पान राखाडी, पांढरं ठेवलंय आणि आठवणी आल्या की त्यात लाल शिरतो. भिंतीवर, जेवणाच्या टेबलावर, बर्फावर. त्या लाल रंगाचं काय ते कुणी बोलून दाखवत नाही, क्रिस्तँची चौकटही तिथे गप्प असते. तिसरा_डबा, हे तुमच्या मजकुराच्या तक्रारीला उत्तर. जिथे गप्प राहायचं ते या लेखकाला बरोबर कळतं. आख्खं पुस्तक त्याने एका न बोलणाऱ्या माणसाभोवती उभं केलंय.

कधी लिहिलं तेही बघा. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला, 'सॉलिडॅरिटी' या कामगार संघटनेचे लोक तुरुंगात गेले. फ्रेंच डाव्यांमध्ये तेव्हा याबद्दल बोलणं अवघड होतं. क्रिस्तँ स्वतः डाव्या विचारांचा, पूर्व युरोपात खूप फिरलेला. बिलाल तर बेलग्रेडचाच, लहानपणी पॅरिसला आलेला. बाहेरच्या शत्रूने लिहिलेलं हे पुस्तक नाही, घरातल्या माणसाने घराबद्दल लिहिलेलं आहे.

माझ्या घरात मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं होती. जाड कागद, सुंदर चित्रं, स्वस्त किंमत. आजोबा कामगार चळवळीतले. 'द हंटिंग पार्टी' वाचताना मला सतत वाटत होतं, हे त्यांना वाचून दाखवायला हवं होतं. भांडले असते, पण शेवटपर्यंत ऐकलं असतं.

आडवाटकर

शाईवेल, फार सुंदर लिहिलंय.

'द ब्लॅक ऑर्डर ब्रिगेड' त्याच्याच शेजारी ठेवून वाचायला हवं. स्पेनच्या यादवी युद्धात आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये लढलेले लोक, आता साठी-सत्तरीतले. कुणी पत्रकार, कुणी न्यायाधीश, कुणी पुढारी झालेलं. अॅरागॉनमधल्या एका छोट्या गावात हत्याकांड होतं, आणि ते करणारे त्यांचे जुने फॅसिस्ट शत्रूच असतात, तेही तितकेच म्हातारे. पोलिसांवर विसंबायचं नाही असं ठरवून हे म्हातारे पुन्हा एकत्र येतात आणि युरोपभर पाठलाग सुरू होतो. गुडघे दुखताहेत, औषधांच्या गोळ्या बरोबर, पण हातात बंदुका.

वाचताना सुरुवातीला आपण पूर्णपणे त्यांच्या बाजूने असतो. हळूहळू लक्षात येतं की यांच्या पाठलागाने मागे जे पडतंय त्यात आणि समोरच्यांच्या दहशतीत रस्त्यावरच्या माणसाला काही फरक दिसणार नाही. इटलीत आणि जर्मनीत तेव्हा खरोखर रोज बॉम्ब आणि अपहरणं चालू होती. इटलीचे माजी पंतप्रधान अल्डो मोरो यांचं अपहरण आणि हत्या १९७८ची, पुस्तक १९७९चं. त्या तापलेल्या हवेत क्रिस्तँने दोन्ही बाजू म्हाताऱ्या केल्या. ही युक्ती मला फार मोठी वाटते. तरुणांच्या हिंसेला आपण जोश म्हणून माफ करतो. म्हाताऱ्यांच्या हिंसेला ती सवलत मिळत नाही.

नदीकाठ

मी फ्रान्समध्ये बोर्दोत राहतो, म्हणून एक स्थानिक भर. इथे क्रिस्तँचं नाव कॉमिक्सवाल्यांइतकंच पत्रकारांना माहीत आहे. साठच्या दशकाच्या शेवटी इथल्या विद्यापीठात पत्रकारितेचं शिक्षण त्याने उभं केलं आणि कितीतरी वर्षं शिकवलं. म्हणजे व्हॅलेरियन हे त्याचं पोट भरायचं साधन कधीच नव्हतं. नोकरी पक्की असल्याने संपादकाला खूश करायची त्याला गरज नव्हती, असं मला वाटतं. तो स्वतः जाऊन बघून लिहायचा. वास्तुशास्त्र, शहरं, कारखाने यांचं त्याला वेड होतं.

त्यामुळे 'रॉबर्ट मोझेस' (२०१४, चित्रं ओलिव्हिए बालेझ) हे त्याचं अगदी मनातलं पुस्तक वाटतं. न्यूयॉर्कचे पूल, महामार्ग, पोहण्याचे तलाव, किनाऱ्यावरची उद्यानं ज्या माणसाने उभी केली, तो त्या सगळ्या अधिकारपदांवर एकदाही निवडून आलेला नव्हता, आणि ज्याने आयुष्यभर मोटारींसाठी शहर कापलं त्याला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. क्रॉस-ब्राँक्स एक्सप्रेसवेसाठी वस्त्याच्या वस्त्या उठल्या. शेवटी जेन जेकब्ज आणि तिच्या शेजाऱ्यांनी खालच्या मॅनहॅटनमधला महामार्ग रोखला. क्रिस्तँला मोझेसचं कौतुकही आहे, हे त्यातलं अवघड आणि चांगलं. पहिल्या निम्म्या पुस्तकात आपल्यालाही त्या माणसाबरोबर बांधत सुटावंसं वाटतं.

मी मूळचा मुंबईचा, उड्डाणपुलांखाली शाळेत जात वाढलेला. रस्ता कुणासाठी आणि कुणाच्या घरावरून, हा प्रश्न मला या पुस्तकाने पहिल्यांदा नीट विचारायला लावला.

रेघोट्या

नदीकाठ, 'रॉबर्ट मोझेस' शोधते लगेच.

आल्फ्लोलोलवर एक. कोयना धरण साठच्या दशकात उभं राहिलं आणि त्याच्या धरणग्रस्तांची पुनर्वसनासाठीची आंदोलनं मी कॉलेजात असताना बातम्यांत पाहिली आहेत. त्या गावांतली माणसं आमच्या नात्यात आहेत. गव्हर्नर जेव्हा शांतपणे नकाशावर त्यांची नवी जागा दाखवतो, त्या पानावर मी बराच वेळ थांबले. त्याला वाटतं आपण मोठी कृपा करतोय. लेखक त्याची थट्टा करत नाही, म्हणून ते जास्त लागतं.

तिसरा_डबा

शाईवेल, तुमच्या प्रतिसादानंतर 'द हंटिंग पार्टी' पुन्हा काढलं. गप्पपणाचा मुद्दा जोरदार आहे. पण तो बिलालबरोबरचा क्रिस्तँ. माझा आक्षेप मेझिएरबरोबरच्या पहिल्या पाच-सहा अंकांवर आहे आणि तो मी सोडत नाही.

'ऑर्वेल' (२०१९, चित्रं सेबास्तियाँ व्हेर्दिए) कुणी वाचलंय का? मला ते निराश करून गेलं. मोतिहारीतला जन्म, वडील अफू खात्यात, इटनची शाळा, बर्मातली पोलिसगिरी, विगनच्या खाणी, स्पेनमध्ये मानेतून गेलेली गोळी, जुरा बेटावरचं शेवटचं लिखाण. एकेक टप्पा येतो आणि जातो. कृष्णधवल चित्रं देखणी आहेत, मधे बिलाल, ब्लुच, ग्वार्निदो यांच्यासारख्या चित्रकारांची रंगीत पानं आहेत, तीही छान. पण क्रिस्तँचं स्वतःचं भांडण कुठे दिसत नाही. आदर इतका आहे की संशयाला जागाच राहिली नाही. संशय हीच तर या लेखकाची ताकद होती.

आडवाटकर

'ऑर्वेल' मला आवडलं, थोड्या वेगळ्या कारणाने. क्रिस्तँ ऐंशीचा झाला होता. आयुष्यभर ज्याच्या वाटेने गेला, डावा राहून डाव्यांच्या खोटेपणावर लिहायचं, त्या माणसाला तो नमस्कार करतोय. बर्मातली पानं बारकाईने पाहा. गणवेशातला तरुण, त्याला आपलं काम कळतं, नावडतं, तरी करतो. हा व्हॅलेरियनच आहे. फरक इतकाच की हा पाच वर्षांनी राजीनामा देतो.

बाकी चरित्र म्हणून ते धावतं, हे खरं.

वाटेवरची_बाभूळ

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय. आमच्या घरी कॉमिक्स म्हणजे इंद्रजालचा वेताळ आणि अमर चित्र कथा, त्यामुळे हे सगळं नवीन आहे. दोन प्रश्न: सुरुवात कुठून करू? आणि बायकांच्या चित्रणाचं काय? एका अंकाचं मुखपृष्ठ पाहिलं, त्यात लॉरलिनला हरममधल्यासारखे कपडे होते. ते पाहून जरा मागे सरले.

पानगळ

वाटेवरची_बाभूळ, स्वागत. इंग्रजीत व्हॅलेरियन सिनेबुक या प्रकाशनाने क्रमाने काढलंय आणि एकत्रित खंडही आहेत. पहिल्या अंकापासून सुरुवात करू नका, तिथे दोघेही अजून शिकताहेत. आधी आल्फ्लोलोल, मग 'अॅम्बॅसडर', मग 'बर्ड्स ऑफ द मास्टर'. त्या तिसऱ्यात एका लघुग्रहावर सगळे लोक दिवसरात्र एका न दिसणाऱ्या मालकासाठी अन्न गोळा करतात आणि कुणी मान वर केली की वेडाचे पक्षी येऊन चावतात. तीन वाचून झाल्यावर कळेल तुम्हाला हा लेखक आपला आहे की नाही. बिलालची दोन्ही पुस्तकं त्यानंतर.

कपड्यांचा मुद्दा योग्य आहे. तुम्ही पाहिलेला अंक बहुधा 'वर्ल्ड विदाउट स्टार्स'. दोन नगरांचं युद्ध, एकात बायकांचं राज्य आणि पुरुष गुलाम, दुसऱ्यात उलट. लॉरलिन पुरुषांच्या नगरात शिरते, व्हॅलेरियन बायकांच्या. कथेत दोघांनाही सारखंच सजवलं, मिरवलं जातं, पण चित्रकाराची नजर लॉरलिनवर जास्त रेंगाळते. ते सत्तरच्या दशकाचं आहे आणि माफ करण्यासारखं नाही. नंतरच्या अंकांतही अधूनमधून ते येतं. लेखकाने तिला दिलेली अक्कल आणि चित्रात तिला दिलेले कपडे यांची ओढाताण मालिकाभर आहे.

बायकांसाठी आनी गोएट्झिंगरबरोबरचा क्रिस्तँ वाचा. 'ला द्मुआझेल द ला लेजियाँ दॉनर' (१९८०). 'लेजियाँ दॉनर' हा फ्रान्सचा सन्मान मिळालेल्यांच्या मुलींच्या शाळेत वाढलेली मुलगी, फ्रेंच वसाहतींच्या शेवटच्या काळातलं तिचं आयुष्य. गोएट्झिंगर कपडे, पडदे, खुर्च्या असे काढायची की त्या घरात राहणाऱ्याची ऐपत आणि घुसमट दोन्ही कळतात. हे फ्रेंचमध्येच वाचावं लागलं मला, अलियाँस फ्राँसेजच्या ग्रंथालयातून.

जुनी_गल्ली

'स्टार वॉर्स'वाला वाद कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. थोडक्यात लिहितो. १९७७च्या आधीच्या व्हॅलेरियनमधलं बरंच काही, यान, वेशभूषा, परग्रहवासीयांची गर्दी, त्या चित्रपटांत पाहिल्यासारखं वाटतं असं फ्रेंच वाचक कायम म्हणत आले. मेझिएरने १९८३ मध्ये 'पिलोत'साठी एक चित्र काढलं, त्यात ल्यूक आणि लेया एका मद्यालयात व्हॅलेरियन आणि लॉरलिनला भेटतात, आणि लॉरलिन सांगते की आम्ही इथे बऱ्याच आधीपासून येतोय. तेवढं पुरे.

मला महत्त्वाचं वाटतं ते जे उचललं गेलं नाही ते. यानं उचलता येतात. 'आपलंच सरकार चुकत असेल तर?' हा प्रश्न उचलणं कुणाला जमलं नाही.

शाईवेल

धाग्याचं निमित्त झालं म्हणून काल 'द हंटिंग पार्टी'च्या नंतरच्या पुरवणीकडे पुन्हा वळले. बर्लिनची भिंत पडल्यावर, १९९० मध्ये, क्रिस्तँ आणि बिलालने पुस्तकाला एक उपसंहार जोडला. तो सगळ्या आवृत्त्यांत नाही, घेताना बघून घ्या.

माझ्या मैत्रिणीचं मत असं की तो जोडायला नको होता. मूळ पुस्तक त्या गप्प म्हाताऱ्याच्या निर्णयाशी थांबतं आणि तिथेच थांबायला हवं. मला मात्र वाटतं की क्रिस्तँला पर्याय नव्हता. ज्या व्यवस्थेबद्दल त्याने लिहिलं ती सात वर्षांत कोसळली आणि ती माणसं, खरी माणसं, तिच्या ढिगाऱ्यात जिवंत होती. कुणी खटल्याला सामोरं गेलं, कुणी नवा झेंडा घेतला. पत्रकाराला हे न लिहून चालणार नव्हतं.

आणि त्या फ्रेंच विद्यार्थ्याबद्दल तुमचं मत हवंय, पानगळ. शेवटी जे घडतं त्यात त्याचा वाटा किती? तो वापरला गेला, हे दिसतंच. पण त्याला आधी कळायला हवं होतं का?

पानगळ

शेवट न फोडता उत्तर देतो. मला तो दोषी वाटतो. इतके दिवस तो त्या खोल्यांत बसून सगळं ऐकत होता आणि एकाही माणसाला त्याने प्रश्न विचारला नाही, फक्त एका भाषेतून दुसरीत पोचवत राहिला. क्रिस्तँ त्याला नाव-गाव-घर फारसं देत नाही, ते मुद्दाम केलेलं आहे असं मी धरून चालतो. लॉरलिन त्याच्या जागी असती तर पहिल्याच रात्री तिने जेवणाच्या टेबलावर तोंड उघडलं असतं.

उपसंहाराबद्दल तुमच्या मैत्रिणीच्या बाजूने आहे. पण आधी तो असलेली आवृत्ती मिळवून पुन्हा वाचतो, मग इथेच लिहितो.